डोळ्यांचं निमित्त

पाच जणांच्या वर्गात डुलकी काढता येत नाही, ही गोष्ट तत्त्वज्ञान हा विषय घेताना माझ्या लक्षात आली नव्हती. प्रवेशाच्या दिवशी बाकीच्या विषयांच्या खिडक्यांपुढे जिन्यापर्यंत रांगा होत्या आणि या एका खिडकीपुढे कोणीच नव्हतं, म्हणून मी तिथे जाऊन उभा राहिलो. तत्त्वज्ञानाकडे वळण्याची कारणं लोक फार मोठी मोठी सांगतात. माझे पाय दुखत होते.

आमचं कॉलेज लहान. सगळे मिळून अडीचशे विद्यार्थी, एक जिना, एक वाचनालय, एक कँटीन. पहिल्या तासाला कोणी शिंकलं तर तिसऱ्या तासापर्यंत प्राचार्य त्याच्या सर्दीची चौकशी करत. अशा ठिकाणी मोठ्या वर्गात निदान खांबाआड तरी बसता येतं. आमच्या खोलीला खांबच नव्हता. मी एक दिवस आलो नाही तर वर्गाची हजेरी वीस टक्क्यांनी कोसळायची आणि हजेरीपटात ते एखाद्या साथीच्या रोगासारखं दिसायचं.

त्यात आमचे सर. सर स्वभावाने अतिशय सज्जन, आणि माझ्या सगळ्या हालअपेष्टांचं मूळ तेच. इतर प्राध्यापक प्रश्न विचारतात आणि आपणच उत्तर देऊन पुढे जातात. त्यांनाही घरी जायचं असतं. आमचे सर प्रश्न विचारून थांबायचे. हात पाठीमागे, मान किंचित तिरकी, चेहऱ्यावर आपल्याविषयी संपूर्ण विश्वास. एकदा त्यांनी मला विचारलं, "कोणी पाहत नसताना हे टेबल इथे असतं, असं आपण कशावरून म्हणतो?" सर थांबले. चार मिनिटं थांबले. शेवटी काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "शिपाईकाका रोज सकाळी पुसतात सर, म्हणजे असणारच." बाकीचे चौघं हसले. सर हसले नाहीत. "हा विचार करण्यासारखा मुद्दा आहे," असं म्हणून त्यांनी उरलेला तास त्याच्यावर घालवला. माणसाचा मूर्खपणा कोणी इतका मनावर घेतला की त्याला तोंड लपवायला जागा राहत नाही.

तिकडे मानसशास्त्राला नव्वद मुलं होती. लांबलचक हॉल, शेवटचे बाक पंख्याखाली, आणि त्या बाकांवर माझे सगळे मित्र. दुसऱ्या वर्षाचं पहिलं सत्र अर्धं झालं आणि मी ठरवलं की विषय बदलायचा. एक अर्ज आणि दोन सह्या, एवढंच काम होतं.

कचेरीतल्या बाईंनी अर्ज माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाल्या, "मुदत संपून नऊ दिवस झालेत."

"मग काहीच करता येणार नाही?"

"वैद्यकीय कारण असेल तर येतं."

"विषय आवडत नाही, असं लिहिलं तर?"

"ते वैद्यकीय आहे का?"

मी थोडा वेळ पेन चावलं. मी खोटारडा नाही, निदान तोपर्यंत नव्हतो. पण नेमक्या त्याच वेळी बाईंनी पुसण्यासाठी चष्मा काढला, आणि कारणाच्या रकान्यात माझ्या हाताने लिहिलं, 'डोळ्यांच्या त्रासामुळे बारीक अक्षर वाचणे झेपत नाही.' त्या क्षणी बाई खोकल्या असत्या तर मी दमा लिहिला असता आणि पुढचं सगळं निराळं झालं असतं.

सरांकडे जाताना मी चार वाक्यं पाठ करून गेलो होतो. त्यांनी एकही वापरू दिलं नाही. कारण वाचलं, मान वर करून माझ्या डोळ्यांकडे पाहिलं. मी उगाचच ते मिचकावले. सरांनी सही केली. "काळजी घे," एवढंच म्हणाले.

दुसरी सही मानसशास्त्राच्या मॅडमची. त्या कामसू होत्या आणि कनवाळू होत्या, आणि हे दोन गुण एका माणसात आले की समोरच्याने पळ काढावा. अर्ज वाचून त्या चकित झाल्या. "अरे, डोळ्यांचा त्रास आणि तू माझ्याकडे येतोयस? माझ्याकडे तीन पुस्तकं आहेत, एकेक विटेएवढं. तू थांब. काहीतरी करायला हवं." मी म्हणत होतो की काही करू नका, पण अर्ज घेऊन त्या निघाल्यासुद्धा. दुपारी प्राचार्यांच्या खोलीत बैठक झाली. तिचा निष्कर्ष असा की विद्यार्थ्याला छोट्या वर्गातच ठेवावं, कारण तिथे वैयक्तिक लक्ष देता येईल. त्याने सोडलेल्याच विषयात त्याला पुन्हा प्रेमाने बसवावं. आणि घरी पत्र पाठवावं.

दुसऱ्या दिवसापासून वैयक्तिक लक्ष सुरू झालं. सर फळ्यावर हातभर उंचीची अक्षरं काढू लागले. 'ज्ञान म्हणजे' एवढं लिहिलं की फळा संपायचा. मग ते पुसून 'काय', आणि ते पुसून प्रश्नचिन्ह. बाकीचे चौघं माझ्याकडे बघत वाट पाहायचे. वाचनालयातल्या बाईंनी मला दोरी बांधलेलं एक भिंग दिलं आणि हरवू नये म्हणून ते गळ्यात घालायला लावलं. कँटीनवाला मला पाहिलं की यादी मोठ्याने वाचून दाखवायचा, "चहा, कॉफी, बिस्किटं." गेलं सव्वा वर्ष तिथे दुसरं काही मिळालं नव्हतं. जिन्यावर कोणीतरी न विचारता कोपराला धरायचं. वय वर्षं एकोणीस, दोन पायऱ्या एकदम चढणारा माणूस मी, आणि गळ्यात भिंग घालून म्हाताऱ्या आजीबाईंसारखा एकेक पायरी उतरत होतो.

आमच्या पाच जणांत एक मुलगी होती, तिला सगळे वहीवाली म्हणत. ती सगळं लिहून घ्यायची. सर खोकले तरी तिचं पेन हलायचं. तिने एकदा मला गाठलं.

"तुला नोटीसबोर्ड वाचता येत नाही ना?"

"नाही."

"मग उद्या पहिला तास नाही, हे तू मघाशी आपल्या वर्गातल्या फुटबॉलवाल्याला कसं सांगितलंस?"

"ऐकलं कुठेतरी."

"कोणाकडून?"

मी भिंगाशी चाळा केला. तिने वही उघडली, काहीतरी लिहिलं आणि निघून गेली. काय लिहिलं ते मला आजतागायत कळलेलं नाही.

पण खरा कहर म्हणजे चारचा तास. रोज चार ते पाच, सर रिकाम्या वर्गात बसून मला पुस्तक वाचून दाखवायचे. पगाराच्या कामात हे कुठे बसत नव्हतं. एकेक परिच्छेद वाचून ते थांबायचे आणि मान तिरकी करायचे. पहिला आठवडा मी मनात त्या मॅडमना शिव्या देत काढला. दुसऱ्या आठवड्यात कधीतरी, माझं लक्ष नसताना, मी ऐकायला लागलो. हे मी कोणाला सांगितलं नाही. आंधळेपणाचं सोंग घेतलेल्या माणसाला विषयही आवडायला लागला, तर त्याने कुठे जावं.

घरी पत्र आलं तेव्हा मी जेवत होतो. माझे वडील छापखान्यात प्रूफं तपासतात. तीस वर्षं हेच काम. आमच्या घरी टूथपेस्टच्या खोक्यावरसुद्धा लाल पेनची खूण असायची. त्यांनी पत्र नाकाशी धरलं, बराच वेळ धरलं, आणि आईकडे देत म्हणाले, "तू वाच." मला वाटलं, धक्का बसला असेल. आईने मोठ्याने वाचलं. 'आपल्या पाल्याच्या क्षीण होत चाललेल्या दृष्टीबाबत' अशी त्याची सुरुवात होती. प्राचार्यांची भाषा मुळातच जरा जास्त पिकलेली.

"माझ्याकडूनच आलं हे," वडील म्हणाले आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले.

त्याच वेळी सांगून टाकायला हवं होतं. तोंडात घास होता, हे काही कारण नव्हे. पण तो घास गिळेपर्यंत आई रडायला लागली होती, आणि रडणाऱ्या आईला 'मी खोटं लिहिलं' असं सांगायला जे लागतं ते माझ्याजवळ नव्हतं.

आईने माझा फोन कपाटात ठेवला आणि जेवणात गाजरं वाढवली. मग शेजारचे कंपाउंडरकाका आले. यांनी तीस वर्षं एका दवाखान्यात बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या आणि त्या अनुभवावर ते आता सगळ्या इमारतीला सल्ला द्यायचे. त्यांनी माझी खालची पापणी ओढून पाहिली, "हूं" म्हणाले, आणि आईला सांगितलं, "पहाटे ओल्या गवतावर अनवाणी उभं करा. हिरवं बघत शंभर वेळा डोळे मिटायचे."

"गवत कुठे आहे इथे?" आई म्हणाली.

काकांनी विचार केला. "ओलं आणि हिरवं, एवढं महत्त्वाचं."

आमच्या दारात हिरवं प्लास्टिकचं पायपुसणं होतं. आईने ते भिजवलं. पुढचे दहा दिवस रोज सकाळी सात वाजता मी जिन्याच्या तोंडाशी ओल्या पायपुसण्यावर अनवाणी उभा राहून खाली बघत डोळे मिचकावत होतो, आणि कामावर जाणारे शेजारी मला वळसा घालून उतरत होते. काहीजण "आता कसं वाटतंय?" असं विचारायचे. बरंय म्हणावं तर नाटक संपतं, आणि वाईट म्हणावं तर दुसरा उपाय येतो. मी "तसंच आहे" म्हणायचो.

याच सुमारास कचेरीतल्या बाईंनी मला बोलावलं. माझा अर्ज परत द्यायचा होता, नामंजूर म्हणून.

"झालं ते बरंच झालं म्हणा," बाई म्हणाल्या. "तू गेला असतास तर विषय बंदच झाला असता. पाचाच्या खाली वर्ग चालवत नाहीत."

"आणि सर?"

"सरांना दुसरीकडे पाठवलं असतं, आठवड्यातून दोन दिवस, तासांवर. या वयात."

"सरांना हे माहीत होतं?"

बाईंनी अर्ज माझ्याकडे फिरवला आणि सहीवर बोट ठेवलं. "त्यांनीच मला विचारलं होतं, नियम काय आहे म्हणून. विचारलं आणि मग सही केली."

मी अर्ज घडी करून खिशात घातला. त्या दिवशी चारच्या तासाला सरांनी अकरा पानं वाचली. मधे त्यांचा आवाज बसला तेव्हा ते पाणी प्यायले आणि त्यांनी माझीच माफी मागितली.

आता सांगणं भाग होतं. पण मी सांगायच्या आत वडिलांनी डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली. त्यासाठी त्यांनी अर्धा दिवस रजा काढली. माझ्या आठवणीतली ती पहिलीच. वाटेत ते माझ्या खांद्यावर हात ठेवून चालत होते. मला वाटलं, आधार देतायत.

डॉक्टर बाई होत्या, आवाजाने शांत आणि नजरेने तीक्ष्ण. मला खुर्चीवर बसवून त्यांनी समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायला सांगितलं. वडील कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले. पहिली ओळ मी बरोबर वाचली. दुसरीत दोन अक्षरं चुकवली. तिसरीला नुसती मान हलवली.

"आणि सगळ्यात खालची?" त्यांनी विचारलं.

"ती तर अजिबात नाही. शेवटचं अक्षर 'ण' आहे की 'म', काही कळत नाही."

डॉक्टरांनी लिहिणं थांबवलं. "शेवटचं 'ण' आहे," त्या म्हणाल्या. "इथून ते मलाही दिसत नाही. मला पाठ आहे म्हणून माहीत."

मग त्यांनी वडिलांना बाहेर बसायला सांगितलं, यंत्रातून माझे डोळे पाहिले, आणि यंत्र बाजूला करून विचारलं, "कोणता विषय सोडायचाय?"

"तत्त्वज्ञान. पण आता सोडायचा नाहीये."

"चिठ्ठीवर मी खोटं लिहीत नाही. आणि तुझ्या वडिलांना मी काही सांगणार नाही, ते तू सांगायचंस. आत्ता आत बोलावते."

त्यांनी हाक मारली. वडील आत आले, स्टुलावर बसायला गेले आणि स्टूल सोडून बसले. मी धावून धरलं म्हणून पडले नाहीत. "मेलं स्टूल हललं," ते म्हणाले. स्टूल लोखंडी होतं आणि जागेवर होतं. डॉक्टरांनी टेबलावरचं एक माहितीपत्रक त्यांच्या हातात दिलं. वडिलांनी ते नाकाशी धरलं, वरपासून खालपर्यंत नजर फिरवली आणि म्हणाले, "छपाई बरी आहे."

ते उलटं होतं.

"तुम्ही जरा या खुर्चीवर बसा," डॉक्टर म्हणाल्या.

वडील नको म्हणत होते, मुलासाठी आलोय म्हणत होते, पण बसले. पहिल्या ओळीतलं सगळ्यात मोठं अक्षर त्यांनी वाचलं. पुढच्या ओळी ते धडाधड म्हणत गेले, आणि त्यातलं एकही अक्षर तक्त्यावर नव्हतं. त्या एका खुर्चीत अर्ध्या तासात आम्ही बापलेक दोघंही खोटं बोललो. मला दिसत असताना दिसत नाही म्हणून आणि त्यांना दिसत नसताना दिसतं म्हणून. फरक एवढाच की त्यांच्या खोट्यावर आमचं घर चाललं होतं.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगले पिकलेले. दीड-दोन वर्षं ते अंदाजाने प्रूफं तपासत होते. शेजारी बसणारा जुना सहकारी त्यांना हळू आवाजात वाचून दाखवायचा. कळलं तर काढून टाकतील आणि ऑपरेशन बिघडलं तर संपलंच, अशा दुहेरी भीतीने त्यांनी आईलासुद्धा सांगितलं नव्हतं. डॉक्टर म्हणाल्या की अजून सहा महिने गेले असते तर अवघड होतं.

आता तुम्हाला वाटेल की मी सुटलो. मलाही क्षणभर वाटलं. पण घरी आल्यावर आईने माझी दृष्ट काढायचीच बाकी ठेवली. "तुझे डोळे दुखले म्हणून यांचं कळलं," ती म्हणाली. कंपाउंडरकाकांनी इमारतभर सांगितलं की मुलाने बापाचे डोळे वाचवले, आणि त्यात पायपुसण्याचाही वाटा असल्याचं सुचवलं. माझ्याबद्दल सगळ्यांनी मानून घेतलं की त्रास उतरला. जिन्यात लोक माझी पाठ थोपटायचे. शिव्या खाताना माणूस निदान मनातल्या मनात उलट बोलतो. शाबासकी मिळताना तीही सोय नसते.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मी भिंग गळ्यातून काढून टेबलावर ठेवलं आणि सरांना सगळं सांगितलं. पायपुसणंसुद्धा सांगितलं. ते शेवटपर्यंत ऐकत होते.

"म्हणजे डोळे ठीक आहेत?"

"हो सर."

"दोन्ही?"

"दोन्ही."

त्यांनी पुस्तकात खुणेचा कागद घातला आणि ते मिटलं. "मी वाचत होतो तेव्हा तू ऐकत होतास, की तेही...?"

"ऐकत होतो."

"मग ठीक आहे," सर म्हणाले. त्यात टोमणा नव्हता, आणि तेच सहन होत नव्हतं. "अर्ज आण. खरं कारण लिही, मी पुन्हा सही करतो."

"मला नाही सोडायचा विषय."

"का?"

आणि ते थांबले, नेहमीसारखे. मी म्हणालो, "वर्ग बंद पडेल सर."

"ते कॉलेजचं कारण झालं. तुझं काय?"

मी भिंगाची दोरी बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. सर थांबलेलेच होते. शेवटी मी म्हणालो, "परवा आपण जिथे थांबलो, त्याच्यापुढे काय आहे ते मला कळून घ्यायचंय."

त्यांनी पुस्तक माझ्याकडे सरकवलं. "मग आता तू वाच. माझा घसा बसलाय." मी पान उघडत होतो तेव्हा त्यांनी विचारलं, "घरी सांगितलंस?"

"नाही."

"मग इथे आधी का आलास?"

"इथे सोपं वाटलं."

"हं," सर म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्या प्रश्नाला लगेच आणि बरोबर उत्तर दिलं होतं.

वडिलांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात झालं. पट्टी असताना सांगून टाकावं, म्हणजे त्यांना माझा चेहरा दिसणार नाही, असा एक भेकड बेत मी केला होता. पण दवाखान्यात आई हलली नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी पट्टी काढली. घरी आल्यावर आई चहा करायला आत गेली. वडील खुर्चीत बसून एकेक वस्तू बघत होते. कॅलेंडर बघितलं, भिंतीवरचा ओघळ बघितला, स्वतःचे हात उलटसुलट करून बघितले. मग माझ्याकडे वळले आणि बघतच राहिले.

"तुला मिशी कधी आली?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "दीड वर्ष झालं, बाबा."

मला वाटतं ते हिशेब करत होते. दीड वर्ष आम्ही एका टेबलाशी जेवत होतो, आणि मला काही कळलं नव्हतं. दृष्टी मात्र माझी उत्तम, सगळ्यात खालच्या ओळीपर्यंत.

मग मी सांगितलं. उभ्याउभ्याच, स्वयंपाकघरात ऐकू जाणार नाही अशा आवाजात, रांगेपासून 'ण'पर्यंत सगळं. मी सांगत असताना त्यांनी माझ्या चेहऱ्यावरून नजर हटवली नाही. इतकं स्पष्ट त्यांना बऱ्याच दिवसांत काही दिसलं नसावं, आणि दिसत होतो तो मी. माझं सांगून झालं. आत कपबश्यांचा आवाज आला.

"आईला यातलं काही सांगू नकोस," ते म्हणाले. "तिने सगळ्यांना सांगून ठेवलंय."

"बरं."

त्यांनी पुन्हा बराच वेळ निरखून पाहिलं. मला वाटलं, आता बोलतील. मी बोलणी खायच्या तयारीने मान खाली घातली. मनापासून सांगतो, मला ती हवी होती.

"आणि ती मिशी काढून टाक," वडील म्हणाले. "अजिबात चांगली दिसत नाही."

चहा पिऊन झाल्यावर मी आत जाऊन ती काढली.